माफक खर्चात हेडफोन आणि ॲम्प्लिफायर: निवडीचा हिशोब

पंधरा हजार रुपये बाजूला काढून ‘हेडफोन आणि ॲम्प, दोन्ही घ्यायचे आहेत’ असे ठरवणारे बहुतेक जण पहिली चूक तिथेच करतात, कारण ती रक्कम त्यांनी मनातल्या मनात दोन सारख्या भागांत वाटून टाकलेली असते. आवाजाचा पोत जवळजवळ सगळा हेडफोनवर ठरतो. ॲम्पचे काम त्या हेडफोनला लागेल तेवढे व्होल्टेज आणि तेवढा करंट, स्वतःचे काही न मिसळता, पुरवणे एवढेच असते. म्हणून आधी हेडफोन पक्का करावा, मग त्याला किती लागते याचा हिशोब मांडावा, आणि हाताशी असलेला फोन किंवा लॅपटॉप तिथे कमी पडत असेल तरच ॲम्पकडे वळावे. मी स्वतः हे उलट्या क्रमाने केले होते. आधी टेबलावर ठेवायचा ॲम्प घेतला आणि त्याला शोभेल म्हणून नंतर हेडफोन घेतला; तो हेडफोन फोनच्या जॅकवरही तितकाच मोठा आणि तितकाच स्वच्छ वाजतो, हे लक्षात यायला मला वर्ष लागले.

पायरी १: कुठे बसून ऐकणार, हे आधी ठरवा

हेडफोनच्या वाट्या मागून बंद असतात किंवा जाळीच्या, म्हणजे उघड्या असतात. बंद वाटीचा, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन बाहेरचा आवाज काही प्रमाणात अडवतो आणि आतला बाहेर जाऊ देत नाही. ओपन-बॅक यातले काहीच करत नाही, पण त्यात आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता थोडा मोकळा, समोर पसरल्यासारखा वाटतो. त्याच किमतीत ओपन-बॅकचा आवाज सहसा अधिक नैसर्गिक असतो, कारण बंद वाटीच्या आत परावर्तित होणारा आवाज आवरणे हे निर्मात्यासाठी अवघड आणि खर्चाचे काम आहे.

तरीही आपल्याकडच्या घरांचा विचार करूनच निवड करावी. एप्रिल-मे महिन्यांत पंखा पाचवर ठेवल्याशिवाय बसवत नाही, आणि ओपन-बॅकमधून त्या पंख्याची घरघर सरळ कानात येते. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीची संथ आलापी त्यात अर्धी बुडते, मग आपण आवाज वाढवतो आणि कान थकतात. एकाच खोलीत कोणी अभ्यास करत असेल, कोणी झोपलेले असेल किंवा लोकलच्या प्रवासात ऐकायचे असेल, तर क्लोज्ड-बॅकच घ्यावा. रात्री दहानंतर स्वतःच्या खोलीत शांतपणे बसण्याची सोय असेल, तर मात्र ओपन-बॅक जरूर विचारात घ्यावा.

चष्मा लावणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच तपासावी. क्लोज्ड-बॅक हेडफोनचा बास इअरपॅड गालाला आणि कानामागे किती घट्ट बसतो यावर अवलंबून असतो, आणि चष्म्याची काडी तिथे फट पाडते. गाणे चालू असताना चष्मा काढून आणि लावून पाहिले की फरक लगेच कळतो. तो फार असेल, तर मऊ आणि जाड पॅडचे दुसरे मॉडेल पाहावे.

ब्लूटूथ हेडफोनचा विषय एका वाक्यात संपतो: त्याच्या आत स्वतःचा ॲम्प असतोच, त्यामुळे बिनतारी वापरताना त्याच्यासाठी वेगळा ॲम्प घेण्याला काही अर्थ नाही.

पायरी २: ओळखीच्या आवाजांवर हेडफोन पारखा

दुकानात किंवा मित्राकडे हेडफोन ऐकायला मिळाला, तर तिथे वाजत असलेल्या झगमगीत डेमोवर जाऊ नये. तशा तुकड्यांवर सगळेच हेडफोन चांगले वाजतात. आपल्याला पाठ असलेल्या चार-पाच गोष्टी फोनमध्ये उतरवून न्याव्यात, आणि त्यांत एक तरी मराठी बोलण्याची असावी. आकाशवाणीच्या बातम्यांचे ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम, कारण माणसाचा बोलण्याचा आवाज कसा असतो हे कानाला सर्वांत पक्के ठाऊक असते. ‘चमचा’, ‘चौकशी’, ‘सासवड’, ‘शासन’ असे शब्द येतील तेव्हा च आणि स कानाला टोचतात का, याकडे लक्ष द्यावे. टोचत असतील, तर त्या हेडफोनची वरची पट्टी, साधारण पाच ते नऊ हजार हर्ट्झमधली, गरजेपेक्षा उचललेली आहे. पहिल्या दोन मिनिटांत हाच दोष ‘काय स्पष्ट वाजतो!’ असा भासतो, आणि दुसऱ्या तासाला डोके दुखवतो.

त्यानंतर तानपुरा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. खर्ज छेडल्यावर ती तार स्वतंत्रपणे ऐकू यावी, आणि तिच्या जवारीतून वर उमलणारे स्वर भुरभुरीत न होता एकमेकांत मिसळलेले राहावेत. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते: शास्त्रीय संगीत, नाट्यगीते आणि भावगीते ऐकणाऱ्याला ५० हर्ट्झच्या खालच्या बासची फारशी गरज नसते, त्यामुळे ओपन-बॅक हेडफोनमध्ये तळाचा बास कमी असतो ही तक्रार त्याला लागू पडत नाही. ढोल-ताशा किंवा आजचे चित्रपटसंगीत हेच मुख्य ऐकणे असेल, तर ती पूर्णपणे लागू पडते.

तबल्यावर डग्ग्याची मींड ऐकावी. तळहाताचा गठ्ठा पुढे सरकतो तसा घुमारा खालून वर चढत जातो. त्या चढणीत मध्येच एखादा स्वर फुगला किंवा गायब झाला, तर तेवढ्या भागात हेडफोन सपाट नाही असे समजावे. ही परीक्षा मला कोणत्याही आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडलेली आहे.

जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी ऐकणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागते. १९२५च्या सुमारास विद्युत-ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायक कर्ण्यासमोर उभे राहून गात, आणि त्या मुद्रणांत वरच्या पट्टीचे फारसे काही उमटलेच नाही; तिथे आहे ती सुईची खरखर. चमकदार हेडफोन ती खरखरच मोठी करून देतो. ज्याचे ऐकणे मुख्यतः जुने आहे, त्याने थोडा सौम्य, मधल्या पट्टीत भरीव हेडफोन घ्यावा आणि मासिकांतल्या ‘डिटेल’च्या कौतुकाकडे दुर्लक्ष करावे.

प्रत्यक्ष ऐकण्याची सोय नसेल, तर कोणत्या वारंवारतेला हेडफोन किती मोठा वाजतो हे दाखवणारे मोजमापांचे आलेख पाहावेत. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३च्या आसपास श्रोत्यांच्या पसंतीवरून मांडलेली एक आदर्श रेषा अनेक आलेखांवर तुटक रेघेने दाखवलेली असते. हेडफोनची रेषा तिच्या किती जवळ आहे, यापेक्षा ती कुठे अचानक उसळते हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

पायरी ३: खोक्यावरचे दोन आकडे वाचा

हेडफोनला किती जोर लागतो हे दोन आकड्यांवरून कळते: इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, जो ओहममध्ये असतो, आणि सेन्सिटिव्हिटी, जी डेसिबलमध्ये असते. जास्त ओहम म्हणजे चालवायला अवघड, एवढेच लोक लक्षात ठेवतात आणि तिथेच फसतात. सेनहायझरचा एचडी ५६०एस १२० ओहमचा आहे आणि एकेजीचा के२४० स्टुडिओ ५५ ओहमचा, तरी के२४०लाच जास्त व्होल्टेज लागते.

गोंधळ वाढतो तो सेन्सिटिव्हिटी दोन पद्धतींनी छापली जाते म्हणून. काही कंपन्या एक मिलिवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो ते सांगतात, तर काही एक व्होल्ट दिल्यावर किती येतो ते. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आधी सगळे ‘प्रति व्होल्ट’मध्ये आणावे लागतात. त्याची एक तोंडी रीत आहे. मिलिवॅटच्या आकड्यात ३२ ओहमला १५ मिळवावेत, ६४ ओहमला १२, १२५ ओहमला ९, २५० ओहमला ६ आणि ५०० ओहमला ३. ओहम दुप्पट झाले की मिळवायचा आकडा तीनने कमी होतो. मधल्या ओहमसाठी अंदाजाने मधला आकडा धरला तरी चालते.

बायरडायनॅमिकचा २५० ओहमचा डीटी ९९० प्रो घेऊ. त्याचा छापील आकडा ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट आहे, त्यात ६ मिळवले की १०२ डेसिबल प्रति व्होल्ट. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, ९९ डेसिबलचा. त्यात सुमारे १४ मिळवून ११३. के२४० स्टुडिओचा आकडा ९१, त्यात साडेबारा मिळवले की जवळजवळ १०४. एचडी ५६०एसचा आकडा कंपनीच प्रति व्होल्ट देते, ११०. आणि १९९७पासून बाजारात असलेल्या एचडी ६००चा, ३०० ओहमच्या हेडफोनचा, ९७.

आता किती आवाज हवा ते ठरवू. घरात निवांत ऐकताना सरासरी पातळी ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास असते, पण तबल्याची थाप किंवा तिहाईची सम त्या सरासरीच्या वर वीस डेसिबलपर्यंत उसळू शकते, आणि काही मैफलींची ध्वनिमुद्रणे मुळातच हळू असतात, म्हणून आणखी पंधरा डेसिबलची शिल्लक ठेवावी. असे करत शिखराला ११० डेसिबल मिळावेत हे लक्ष्य पुरेसे आहे. व्होल्टेज दुप्पट केले की सहा डेसिबल वाढतात, दसपट केले की वीस.

म्हणजे एचडी ५६०एसला बरोबर एक व्होल्ट पुरतो. एम५०एक्सला ०.७ व्होल्ट. के२४०ला सहा डेसिबल कमी पडतात, म्हणजे दोन व्होल्ट हवेत. डीटी ९९०ला आठ कमी, म्हणजे अडीच व्होल्ट. एचडी ६००ला तेरा कमी, म्हणजे साधारण साडेचार व्होल्ट, आणि इथे मात्र खराखुरा ॲम्प लागतो.

पायरी ४: हातातला फोन किती व्होल्ट देतो ते पाहा

जॅक असलेले फोन साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतात. जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोनचा जॅक देणारा छोटा जोड, लागतो. ॲपलचा छोटा डोंगल एक व्होल्ट देतो, मात्र युरोपात विकला जाणारा अर्ध्या व्होल्टवर रोखलेला असतो. काही अँड्रॉइड फोनवर हाच डोंगल पूर्ण आवाज देत नाही, म्हणून घेण्यापूर्वी आपल्या फोनवर लावून पाहावा. अगदी स्वस्त डोंगलमध्ये कधी कधी आत चिपच नसते, नुसत्या तारा असतात; ते फार थोड्या फोनवर चालतात आणि बाकीच्यांवर मुके राहतात. ‘डीएसी’ (DAC, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आकड्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप) हा शब्द खोक्यावर असल्याची खात्री करून घ्यावी.

शंका असेल, तर घरातल्या इलेक्ट्रिकच्या कामाचा साधा मल्टीमीटर उपयोगी पडतो. फोनवर ५० हर्ट्झचा, शून्य डेसिबल पातळीचा, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणात शक्य तितका मोठा, अखंड सूर वाजवावा. सूर ५० हर्ट्झचाच घ्यावा, कारण स्वस्त मीटर घरातल्या विजेच्या या वारंवारतेवरच नीट मोजतो. जॅकमध्ये दोन फाट्यांचा स्प्लिटर लावावा, एका फाट्यावर हेडफोन जोडून तो कानावर न घालता टेबलावर ठेवावा, दुसऱ्यात एक सुटी पिन लावून तिच्या टोकाला आणि बुडाला मीटरच्या काड्या टेकवाव्यात, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून आवाज पूर्ण करावा. दिसेल तो आकडा आपल्या फोनचे शिखर.

हेडफोन काढून पुन्हा मोजले, तर जॅकचा स्वतःचा, आउटपुट इम्पीडन्सही निघतो. समजा हेडफोनशिवाय १ व्होल्ट आणि ३२ ओहमचा हेडफोन लावल्यावर ०.८ व्होल्ट दिसला, तर १ला ०.८ने भागून आलेल्या १.२५ मधून १ वजा करावा आणि उरलेल्या पाव भागाला ३२ने गुणावे: ८ ओहम. हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून लहान असावा, असा प्रघात आहे. तो मोठा असेल, तर ज्या वारंवारतेला हेडफोनचा इम्पीडन्स वाढतो तिथे त्याला जास्त व्होल्टेज मिळते, आणि बहुतेक हेडफोनमध्ये तो बासच्या भागात वाढत असल्याने बास सुजतो. काहींना ते आवडतेही. पण मग ती आवड आहे, गुणवत्ता नव्हे.

पायरी ५: ॲम्प लागणारच असेल, तर

एक व्होल्टच्या डोंगलवर एचडी ५६०एस किंवा एम५०एक्स घेतलेल्याचे काम इथेच संपले, आणि उरलेले पैसे त्याने खिशात ठेवावेत. के२४० आणि डीटी ९९० वापरणाऱ्यालाही, तो फार मोठ्याने ऐकत नसेल तर, दोन व्होल्टचा डोंगल पुरतो. ३०० ओहमच्या हेडफोनसाठी आणि प्लेनर, म्हणजे चुंबकांमध्ये ताणलेला सपाट पातळ पडदा असलेल्या हेडफोनसाठी टेबलावरचा ॲम्प घेण्याला अर्थ आहे. प्लेनरची गोष्ट थोडी निराळी असते: हायफायमॅनचा एचई४००एसई २५ ओहमचा आणि ९१ डेसिबलचा आहे, त्याला व्होल्टेज दीडच्या आतच लागते, पण करंट ५० मिलिअँपिअरहून जास्त लागतो आणि लहान डोंगल तिथे दमतात. आवाज वाढवल्यावर डग्गा फाटल्यासारखा वाजू लागला, की करंट संपला असे समजावे.

घरात जुना स्टिरिओ ॲम्प धूळ खात पडला असेल, तर त्याच्या पुढच्या मोठ्या, ६.३५ मिलिमीटरच्या हेडफोन जॅककडे जरूर पाहावे. त्या काळी स्पीकरकडे जाणारी शक्तीच शंभरहून अधिक ओहमच्या रेझिस्टरमधून जॅककडे वळवत असत. ३२ ओहमच्या हेडफोनला तो जॅक वाईट, पण २५० आणि ३०० ओहमच्या हेडफोनला तो भरपूर व्होल्टेज देतो, आणि खर्च फक्त एका ॲडॉप्टरचा.

नवा ॲम्प घेताना महागाच्या मागे लागू नये. २०११मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात अभियंत्याने ओ२ नावाच्या ॲम्पचा आराखडा मोजमापांसह खुला केला, आणि साध्या, स्वस्त सुट्या भागांतून कानाला न कळणाऱ्या पातळीपर्यंत स्वच्छ आवाज मिळतो हे दाखवून दिले. नंतर त्याने लिहिणेच थांबवले, पण तेव्हापासून स्वस्त ॲम्पकडून लोकांच्या अपेक्षा वाढल्या. ॲम्पच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी पाहाव्यात: आपल्या हेडफोनच्या ओहमला किती व्होल्ट किंवा मिलिवॅट मिळतात, आउटपुट इम्पीडन्स दोन ओहमच्या आत आहे का, आणि गेनचे, म्हणजे ॲम्प आवाज किती पटीने वाढवतो ते बदलण्याचे, बटण आहे का. बॅलन्स्ड जॅक, ट्यूबचा पिवळा उजेड आणि ३२ बिटचे आकडे यांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

गेनचे बटण शोभेचे नव्हे. अनेक स्वस्त ॲम्पच्या फिरवायच्या बटणात अगदी सुरुवातीच्या भागात डावा आणि उजवा कान सारखे वाजत नाहीत. गेन फार असला की नेमके त्याच भागात ऐकावे लागते आणि गायक एका बाजूला सरकलेला वाटतो. गेन खाली ठेवून बटण दहा ते दोन वाजण्याच्या स्थितीत येईल असे करावे.

पायरी ६: खरेदी आणि जोडणी

लॅमिंग्टन रोडवर किंवा तशाच कुठल्याही बाजारात घेत असाल, तर पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी यांबद्दल आधी विचारावे. परदेशातून मागवलेल्या मालावर सीमाशुल्क लागतेच, आणि बिघडल्यास तो परत पाठवण्याचा खर्चही आपलाच असतो. हेडफोनमध्ये सर्वांत आधी जाते ती पिनेजवळची वायर. म्हणून निघणारी वायर असलेले मॉडेल शक्यतो निवडावे. एम५०एक्स आणि के२४० यांची निघते, स्वस्त एम२०एक्सची निघत नाही, मात्र हातचा चांगला कारागीर दहा मिनिटांत नवी पिन डाग देऊन बसवतो. कोकणात आणि मुंबईत कृत्रिम चामड्याचे पॅड दमटपणाने सुटे होऊन काळे पापुद्रे कानाला लागतात, त्यामुळे पॅड वेगळे विकत मिळतात का हे पाहून ठेवावे आणि सोय असेल तर मखमली पॅड घ्यावेत. वापरलेला हेडफोन घेताना पॅडचा खर्च आधीच किमतीतून वजा करावा.

जोडल्यावर लॅपटॉपमधून गुणगुण ऐकू आली, तर चार्जर काढून पाहावे. गुणगुण थांबली तर दोष ॲम्पचा नाही, अर्थिंगचा आहे. तीन पिनांचा चार्जर नीट अर्थिंग असलेल्या बोर्डात लावून पाहावा, नाहीतर ऐकताना बॅटरीवर चालवावे.

नवा हेडफोन शंभर तास वाजवत ठेवला की ‘मोकळा होतो’ असे विक्रेते सांगतात. त्या शंभर तासांत सवय होते ती आपल्या कानाची, आणि परत करण्याची मुदत तेवढी संपते. खटकणारी जागा असेल, तर इक्वलायझर वापरावा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट या कामाला येतात. एखादी पट्टी सहा डेसिबल वाढवली, तर त्याच इक्वलायझरमधला प्रीॲम्पचा, म्हणजे एकूण पातळीचा, सरकता दांडा तेवढाच खाली आणावा, नाहीतर मोठ्या सुरांवर आवाज फाटतो. आणि पायरी ३च्या हिशोबात तेवढे सहा डेसिबल, म्हणजे दुप्पट व्होल्टेज, आणखी धरावे.

शेवटी आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि त्याच्या वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला वीस तास, ८६ला दहा, ८९ला पाच. रात्रीच्या शांततेत, पंखा बंद करून, आवाज पुरेसा वाटेल तिथे बटण थांबवावे आणि त्याच्या शेजारी पेन्सिलने एक खूण करावी. दिवसा त्या खुणेच्या बऱ्याच पुढे जावे लागत असेल, तर घरातला गोंगाट जास्त आहे, आणि पायरी १मध्ये घेतलेला ओपन-बॅकचा निर्णय पुन्हा एकदा तपासून पाहावा.